१२३४५६७८९८७६५४३२१ : या संख्येच्या पोटात खरे गणित किती आहे?

वर्गमूळ यांचा प्रश्न

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्या गणित मंडळात नववीच्या मुलांशी तासभर एकाच संख्येविषयी बोलावे असा विचार आहे आणि त्यासाठी मी १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या निवडली आहे. १११११११११, म्हणजे नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा, हा वर्ग आहे. एकपासून नऊपर्यंत चढणारे आणि पुन्हा एकपर्यंत उतरणारे अंक मुलांना पाहताक्षणी आवडतात. परंतु कौतुक करून झाल्यावर पुढे काय सांगायचे, या प्रश्नापाशी मी अडले आहे. एखादी संख्या केवळ दिसायला देखणी आहे म्हणून तिच्यावर तासभर खर्च करणे मला पटत नाही; तिच्या पोटात सांगण्यासारखे गणित असेल, तरच ती मुलांसमोर न्यावी असे वाटते.

पहिली शंका अशी की हा चढउतार नेमका नऊ एकांपर्यंतच का टिकतो. दहा एकांचा वर्ग केला की १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते आणि त्यात डावीकडच्या चढणीतला ८ नाहीसा झालेला दिसतो. दुसरी शंका संगणकाची आहे. शाळेतल्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये हा गुणाकार केला तेव्हा उत्तराच्या शेवटी ३०० दिसले आणि एका मुलाने ब्राउझरमध्ये केला तेव्हा शेवटी ३२० आले. दोन विषम संख्यांच्या गुणाकाराच्या शेवटी शून्य येऊच शकत नाही, हे मुलांनीच मला दाखवून दिले, तेव्हा चूक यंत्राची आहे हे उघड आहे. पण ती का होते हे मला नीट सांगता यायला हवे. तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या संख्येचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा असे मिळतात. हे तीनच अवयव का, आणि ३३३६६७ ही ओबडधोबड संख्या इतक्या नीटनेटक्या संख्येत कुठून आली? शिवाय देवळालीच्या कापरेकर सरांचा या संख्येशी काही संबंध होता असे ऐकले आहे, त्याविषयीही कोणी खात्रीने सांगू शकले तर आभारी राहीन.

हातचा_एक यांचे उत्तर

संगणकाचा भाग आधी सांगतो, कारण तो लवकर संपणारा आहे. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टसारख्या भाषा साधी संख्या ज्या प्रकारे साठवतात, त्यात द्विमान पद्धतीचे ५३ अंक अचूक राहतात. दोनाचा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. या मर्यादेपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी साठवली जाते. त्यापुढे, दोनाच्या ५४ व्या घातापर्यंत, केवळ सम संख्या साठवता येतात. आपली संख्या नेमकी या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे, म्हणून तिला जागाच मिळत नाही आणि यंत्र शेजारच्या ३२० वर संपणाऱ्या सम संख्येवर समाधान मानते. स्प्रेडशीट त्याही पुढे जाऊन केवळ पंधरा सार्थ अंक दाखवते आणि उरलेल्या दोन जागी शून्ये भरते, म्हणून तिथे ३०० दिसते. पायथॉन या भाषेत पूर्ण संख्यांना अशी मर्यादा नसल्यामुळे तिथे उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर येईल. माझ्या मते तासाची सुरुवात याच विसंगतीपासून करावी, कारण शेवटचा अंक १ असलाच पाहिजे हे मुलांना यंत्रापेक्षा आधी कळते.

आता चढउताराविषयी. फळ्यावर १११ गुणिले १११ हा गुणाकार शाळेच्या पद्धतीने, एकाखाली एक ओळी मांडून करावा. तीनही ओळी १११ अशाच असतात, फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा दोन आणि पाचव्यात एक. म्हणजे उत्तराचा प्रत्येक अंक ‘त्या स्तंभात किती एक आहेत’ याची मोजणी आहे. नऊ एकांच्या गुणाकारात नऊ ओळी असतात आणि मधल्या स्तंभात बरोबर नऊ एक जमतात. नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक असल्यामुळे संपूर्ण बेरजेत कुठेही हातचा येत नाही आणि मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

दहा एकांच्या वर्गात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो. त्या डावीकडच्या स्तंभात ९ असतात, ते या हातच्यामुळे पुन्हा १० होतात, तिथेही ० लिहावे लागते आणि आणखी एक हातचा पुढे जातो. तो पुढच्या ८ ला मिळून ९ होतो. आपल्याला जो ८ हरवलेला वाटतो तो हरवलेला नाही, त्याचा ९ झाला आहे, आणि त्याच्या शेजारचा ९ शून्य झाला आहे. शाळेतल्या मुलांना हातचा ही केवळ यांत्रिक कृती वाटते. तिचा परिणाम असा दोन घरे ओलांडून जाताना दिसला, तर ती अधिक चांगली समजेल असे मला वाटते.

हेच बीजगणितात मांडायचे झाल्यास १ + क्ष + क्षचा वर्ग अशी पदे क्षच्या आठव्या घातापर्यंत घेऊन त्या बहुपदीचा वर्ग करावा. त्याचे सहगुणक १, २, ३ असे ९ पर्यंत चढून १ पर्यंत उतरतात. ही गोष्ट क्ष कोणताही असला तरी खरी आहे. आपण फक्त क्षच्या जागी १० ठेवतो. म्हणजे डौल बहुपदीचा आहे आणि तो अंकांमध्ये उमटतो तो दशमान पद्धतीमुळे. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो आणि आठव्या एकाला तिथे हातचा येतो. द्विमान पद्धतीत तर दोन एकांपासूनच हातचा सुरू होतो.

नाशिककर यांचे उत्तर

ताई, कापरेकरांचा संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. विद्यापीठातील पद नसताना, शाळेचे काम सांभाळून, ते संख्यांवर लिहीत राहिले. आज त्यांचे नाव मुख्यतः ६१७४ या स्थिरांकामुळे घेतले जाते. परंतु आपण निवडलेली संख्या त्यांच्या आवडीच्या दुसऱ्या एका कुळातील आहे, ज्याला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या वेळच्या जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतच्या वर्गांना त्यांनी ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटले आणि १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांवर टिपण प्रसिद्ध केले.

डेम्लो संख्येची कसोटी मुलांना लगेच करून पाहता येईल. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे; मधल्या भागात एकच अंक असतो किंवा तोच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली तर तोच अंक पुन्हा मिळतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६ होतात. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात, आणि मध्ये ५५ आहेतच. आता आपली संख्या घ्या. मधला ९ बाजूला ठेवला तर डावीकडे १२३४५६७८ उरतात आणि उजवीकडे ८७६५४३२१. त्यांची बेरीज ९९९९९९९९ येते. प्रत्येक स्थानावर १ आणि ८, २ आणि ७, ३ आणि ६ अशी जोडी जमते, म्हणून हे घडते.

याच संख्येला कापरेकरांची आणखी एक कसोटी लागू पडते. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला त्यांनी ‘हर्षद संख्या’ म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि तिला ८१ ने भागले तर १५२४१५७८९९७१०४१ हा पूर्ण भागाकार येतो. इथे मुलांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी. अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जातो म्हणून संख्येला ९ ने भाग जातो, हा नियम ९ पुरताच आहे. तो ८१ ला लागू होत नाही. इथे ८१ ने भाग जातो तो १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हणून, आणि आपली संख्या तिचा वर्ग आहे म्हणून.

अशा संख्यांचे आकर्षण किती जुने आहे, तेही सांगण्यासारखे आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी आपल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन एकपासून सुरू होऊन सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असे केले आहे. तो सहा एकांचा वर्ग. आपल्या संख्येच्या तीन पायऱ्या अलीकडचा. ओघात आणखी एक सांगतो: भास्कराचार्यांच्या स्थाननामांच्या क्रमानुसार आपल्या संख्येचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो आणि शिखरावरचा ९ ‘अर्बुद’ या स्थानी, म्हणजे दहा कोटींच्या घरात. ही संख्या मुलांकडून एकदा या नावांनी मोठ्याने वाचून घ्यावी, अशी माझी मनापासून सूचना आहे.

शेषफल यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे मला आवडली. तरी मूळ प्रश्नातील तिसरी शंका अजून तशीच उरली आहे आणि माझ्या मते या संख्येचे खरे महत्त्व तिथेच आहे. अंकांचा चढउतार ही तिची बाहेरची बाजू झाली. आतून ती ९ या संख्येच्या विभाजकांवर उभी आहे.

सुरुवात ९९९९९९९९९ पासून करू, म्हणजे दहाच्या नवव्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येपासून. हिला ९ ने भागले की आपले नऊ एक मिळतात आणि त्या एकांना पुन्हा ९ ने भागले की १२३४५६७९ मिळते, जिच्यात ८ नाही. म्हणून आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९. हा गुणाकार करायला कागदसुद्धा लागत नाही: १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये द्यायची आणि त्यातून १२३४५६७९ वजा करायचे. १२३४५६७९००००००००० वजा १२३४५६७९ केले की बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ येते. वजाबाकीत उसने घेताना डावीकडचा शेवटचा ९ हा ८ होतो, आणि उजवीकडे ९८७६५४३२१ तयार होते. म्हणजे तीच संख्या दोन वेगवेगळ्या वाटांनी मिळाली, एकदा स्तंभ मोजून आणि एकदा एकाच वजाबाकीने. त्यातून एक गोष्ट आपोआप हाती लागते. ज्या संख्येला ९९९९९९९९९ ने भाग जातो, तिचे उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे गट करून बेरीज केली तर ती बेरीजही ९९९९९९९९९ ने भागली जाते. इथे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज थेट ९९९९९९९९९ च आहे.

आता मूळ अवयव. कोणत्याही मूळ संख्येने १ ला भागले तर, २ आणि ५ सोडून, शुद्ध आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो, आणि त्यात किती अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो याला आपण आवर्ताची लांबी म्हणू. मूळ संख्या प मुळे येणाऱ्या आवर्ताची लांबी न असेल, तर एकापुढे न शून्ये देऊन त्यातून १ वजा केल्यावर जी संख्या येते, तिला प ने भाग जातो, आणि न पेक्षा कमी शून्यांसाठी तो जात नाही. म्हणून ९९९९९९९९९ चे मूळ अवयव म्हणजे ज्यांच्या आवर्ताची लांबी ९ ला भागते, म्हणजे १, ३ किंवा ९ आहे, अशा सर्व मूळ संख्या. लांबी १ असलेली मूळ संख्या एकच आहे, ती ३. तिचा व्यस्त ०.३३३… आहे. लांबी ३ असलेली मूळ संख्याही एकच, ती ३७. कारण ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, आणि ३७ चा व्यस्त ०.०२७०२७… असा चालतो. लांबी ९ असलेली मूळ संख्यासुद्धा एकच, आणि तीच आपली ३३३६६७. तिचा व्यस्त ०.०००००२९९७०००००२९९७… असा आहे. ९ चे विभाजक तीन आहेत, १, ३ आणि ९, आणि प्रत्येक विभाजकाच्या वाट्याला एकेकच मूळ संख्या आली आहे. ताई, आपल्याला ओबडधोबड वाटलेली ३३३६६७ या घरातली सर्वांत खास सदस्य आहे, कारण नऊ अंकी आवर्त देणारी दुसरी मूळ संख्या अस्तित्वातच नाही.

फळ्यावर हे अवयव असे पाडता येतील. नऊ एकांचे तीन-तीनचे गट केले तर १११ गुणिले १००१००१ हे लगेच दिसते. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्यामुळे तिला ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ उरते. दोन्ही गटांतून एकेक ३ निघाला, म्हणून नऊ एकांत ३ दोनदा आहे आणि त्यांच्या वर्गात चार वेळा. विभाजकांची संख्या मग पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५ होते. ती विषम आहे, जशी ती प्रत्येक पूर्ण वर्गाची असते.

नाशिककर यांनी सांगितलेल्या हर्षद गुणालाही याच ठिकाणी जागा आहे. एकापासून नऊ एकांपर्यंतचे नऊ वर्ग घेतले, तर त्यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे १, ४, ९ अशी ८१ पर्यंत जाते. सम संख्येइतके एक असतील तर अंकांची बेरीज सम आणि वर्ग विषम, म्हणून भाग जाणार नाही. पाच एकांच्या वर्गाचा शेवटचा अंक १ असल्यामुळे २५ ने भाग जाणार नाही. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९, त्यात ७ नाही. उरले एक, तीन आणि नऊ. पुन्हा १, ३ आणि ९ हेच आकडे समोर यावेत, हा योगायोग नाही: एकांची संख्या तिप्पट केली की ३ चा आणखी एक अवयव आत येतोच, कारण आपण आता १००१००१ मध्ये पाहिले तसा जो नवा गुणक येतो, त्याच्या अंकांची बेरीज नेहमी ३ असते. नवाच्या पुढे मात्र हातचे सुरू होतात आणि अंकांची बेरीज एकांच्या संख्येचा वर्ग राहत नाही, म्हणून हा तर्क तिथे लागू करता येत नाही.

वर्गमूळ यांचा पुढील प्रश्न

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आवर्तांचा हा संबंध मला मुळीच ठाऊक नव्हता, आणि आता तासाचा मध्यभाग तोच असेल. दोन गोष्टी मात्र अजून विचारायच्या आहेत. दहा एकांच्या वर्गाचा डौल मोडतो हे कळले, पण म्हणून ती संख्या मुलांसमोर केवळ अपवाद म्हणून ठेवायची का? आणि ३३३६६७ मूळ आहे, हे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. एखाद्या मुलाने ‘कशावरून?’ असे विचारले, तर संकेतस्थळाकडे बोट दाखवण्यापेक्षा फळ्यावर होईल अशी काही तपासणी आहे का?

नाशिककर यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ते पुन्हा कापरेकरांकडेच जाते. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते, तिला आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. आता दहा एकांचा तो मोडलेला वर्ग घ्या, १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचे दहा अंक वेगळे केले तर डावीकडे १२३४५६७९० आणि उजवीकडे ०९८७६५४३२१ येते. त्यांची बेरीज बरोबर ११११११११११, म्हणजे दहा एक. नऊ एकांच्या वर्गाला हा गुण नाही. त्याचे तुकडे जोडले तर, वर शेषफल यांनी दाखवल्याप्रमाणे, नऊ नऊ मिळतात.

याचे कारणही सोपे आहे. संख्येच्या वर्गातून ती संख्या वजा केली तर ती संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांचा गुणाकार उरतो. दहा एकांसाठी या गुणाकाराला ९९९९९९९९९९ ने, म्हणजे दहा एकांच्या नऊपटीने, भाग जायला हवा. दहा एक तर त्यात आहेतच; उरला ९, आणि आधीची संख्या १११११११११० हिच्या अंकांची बेरीज ९ असल्यामुळे तोही मिळतो. नऊ एकांच्या आधीची संख्या ११११११११० आहे, तिच्या अंकांची बेरीज ८ आहे, म्हणून तिथे हे जमत नाही. याच कारणाने पुढची अशी संख्या एकोणीस एकांची येते, आणि एकोणीस एकांची संख्या स्वतः मूळ संख्या आहे. म्हणजे तिच्या वर्गाला तीनच विभाजक, तर आपल्या देखण्या वर्गाला ४५. तेव्हा दहाला अपवाद म्हणून बाजूला ठेवू नका. नऊ आणि दहा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

शेषफल यांचे उत्तर

३३३६६७ ची तपासणी फळ्यावर होऊ शकते आणि ती करायलाच हवी. ५७८ चा वर्ग ३३४०८४ आहे, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे. पण अशा मूळ संख्या १०६ आहेत आणि तेवढे भागाकार वर्गात करणे शक्य नाही. इथे आवर्ताची कल्पना मदतीला येते. ३३३६६७ चा एखादा मूळ अवयव प असेल, तर तो १००१००१ चाही अवयव असणार. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून प म्हणजे ३ नव्हे. पच्या आवर्ताची लांबी १ किंवा ३ असती, तर १००० ला प ने भागून बाकी १ उरली असती आणि १००१००१ ला भागून बाकी ३ आली असती. म्हणजे प ला ३ च व्हावे लागले असते. म्हणून लांबी ९ च असली पाहिजे. आणि आवर्ताची लांबी नेहमी प वजा १ ला निःशेष भागते, हे फर्माच्या प्रमेयावरून मिळते. म्हणून प मधून १ वजा केला की ९ ने भाग जायला हवा, आणि प विषम असल्यामुळे १८ ने.

आता १८ च्या पाढ्यात एकेक मिळवत जा आणि मूळ संख्या तेवढ्या ठेवा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकशे सहा भागाकारांचे सतरा झाले. त्यातून ३७ ही गळते, कारण तिच्या आवर्ताची लांबी ३ आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. उरलेले सोळा भागाकार मुलांमध्ये एकेक वाटून द्यावेत. १९ ने भागले तर बाकी ८ उरते. मधल्या कोणत्याही भागाकारात बाकी शून्य येत नाही. आणि शेवटच्या ५७७ ने भागले तर भागाकार ५७८ व बाकी १६१ येते.